गोणीवरील मोहोर : ‘लॉसलेस’ संगीताविषयीं कांहीं आक्षेप

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांतून ‘लॉसलेस’ हा शब्द वारंवार कानीं पडूं लागला आहे. मुंबई-पुण्याच्या श्रीमंत दिवाणखान्यांतच तो वावरतो अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं ती सोडून द्यावी. हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या गांवींहि आतां एखाद्या डॉक्टरांच्या किंवा वकिलांच्या बैठकींत, पूर्वीं जेथें रेडिओ आणि त्यावर विणलेला रुमाल असे तेथें, एक चपटी काळी पेटी दिसते. तिला ‘नेटवर्क प्लेअर’ म्हणतात. आणि ती ‘लॉसलेस सपोर्ट’ करते हें यजमान पाहुण्यांस चहा येण्यापूर्वींच सांगून टाकतात. या पेटींत तबकडी नाहीं, फीत नाहीं, सुई नाहीं. घरांतील वायफायवरून ती थेट दूरच्या कोठारांतून गाणें ओढून घेते, त्याचे आंकडे उलगडून त्यांचा ध्वनि बनविते आणि तो अँप्लिफायरच्या स्वाधीन करते. हातांतला मोबाईल येथें केवळ हुकूम सोडण्यापुरता. यंत्र म्हणून ही मोठी नामी चीज आहे, आणि तिचा हेवा करण्याचें आम्हांस कारण नाहीं. आमचा वाद यंत्राशीं नसून त्याच्या कपाळीं लावलेल्या त्या एका शब्दाशीं आहे.

लॉसलेस म्हणजे ज्यांत कांहीं गमावलेलें नाहीं तें. आपल्या भाषेंत त्यास ‘अक्षत’ म्हणावें असें आम्ही सुचवितों. न मोडलेल्या तांदळास आपण अक्षता म्हणतों, त्याच अर्थानें. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने टिपलेले असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा व उजवा असे दोन प्रवाह. म्हणजे सेकंदास चौदा लाखांहून अधिक बिटें. विसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोनच्या तारेवरून एवढा ऐवज वाहून नेणें अशक्य होतें. म्हणून एम्पीथ्रीची युक्ति निघाली. माणसाच्या कानाला जें सहसा ऐकूं येणार नाहीं असें शास्त्र सांगतें, तें कापून टाकावयाचें आणि ऐवज दहाव्या-अकराव्या हिश्श्यावर आणावयाचा. जें कापलें तें परत येत नाहीं. २००१ सालीं निघालेल्या फ्लॅक या पद्धतींत मात्र कांहींच कापलें जात नाहीं. लुगड्याची नीट घडी घालून तें लहान पेटींत बसवावें तसा तोच ऐवज कमी जागेंत बसतो, आणि घडी उलगडली कीं सूतन्‌सूत जागच्या जागीं. ॲपल कंपनीची अलॅक ही त्याच जातीची. जून २०२१ मध्यें ॲपलनें जादा दाम न घेतां आपल्या संगीताच्या वर्गणीदारांस हें अक्षत संगीत खुलें केलें. स्पॉटिफायनें त्याच वर्षीं फेब्रुवारींत तसें वचन दिलें होतें. तें पाळावयास सप्टेंबर २०२५ उजाडला.

हें झालें तें योग्यच झालें. तार रुंद झाल्यावर कापलेलें गाणें विकण्यास कोणतेंहि समर्थन उरत नाहीं, आणि शेरभर दाम दिल्यावर शेरभर माल मागणाऱ्यास कोणीं चोचलेखोर म्हणूं नये. ‘सामान्य माणसाला काय कळतंय?’ असें म्हणणारे जे व्यवहारी लोक आहेत त्यांच्या बाजूस आम्ही नाहीं, हें येथेंच नमूद करून ठेवतों.

मग आक्षेप कशाला? वसमतच्या बाजारांतून हळदीची गोणी शिवून, मोहोर लावून निघाली, आणि मोहोर न तुटतां मुक्कामीं पोंचली, तर त्यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं वाटेंत ती कोणीं उसवली नाहीं. आंतली हळद कोणत्या प्रतीची, तींत भेसळ किती, ती यंदाच्या हंगामाची कीं गतसालची, याविषयीं मोहोर एक अक्षर बोलत नाहीं. लॉसलेस ही अशी वाहतुकीची मोहोर आहे. कोठारापासून पेटीपर्यंतच्या वाटेची ती हमी देते. कोठारांत मुळांत काय येऊन पडलें याची देत नाहीं. आणि जाहिरातदार व दुकानदार तिला मालाची हमी म्हणून विकतात. गवई जणूं समोर बैठक मारून गात आहे, असें चित्र ते गिऱ्हाइकापुढें उभें करतात, आणि गिऱ्हाईकहि तें खरें मानून चालतें. आमचा सारा आक्षेप या अदलाबदलीवर आहे.

वाटेचीहि हमी नेहमींच खरी असते असें नाहीं. पुष्कळांचें गाणें मोबाईलवर लॉसलेसचें चिन्ह मिरवीत येतें आणि तेथून ब्लूटूथवरून स्पीकरकडे जातें. ब्लूटूथच्या नेहमींच्या पद्धति कापणाऱ्याच आहेत, आणि ही गोष्ट खुद्द ॲपलहि नाकारीत नाहीं. म्हणजे गोणी वेशीपर्यंत शाबूत आणली आणि वेशींत उसवली. नेटवर्क प्लेअरचा खरा गुण कोणता म्हणाल तर ही शेवटची उसवण तो टाळतो. तेवढें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे.

परंतु एम्‌क्यूएची कथा ऐका. २०१४ सालीं इंग्लंडांतून ही पद्धति पुढें आली. स्टुडिओंतील मूळ ध्वनि जसाच्या तसा घरीं पोंचविण्याचें तिचें वचन. आणि पेटीवर तिचें चिन्ह उमटवावयाचें तर पेटी बनविणाऱ्यानें परवान्याचें द्रव्य मोजावयाचें. कांहीं वर्षें असा रंग होता कीं तें चिन्ह नसलेली पेटी जुनाट वाटावी. पुढें चौकस लोकांनीं तपास केला तेव्हां ही पद्धति मुळीं अक्षत नव्हेच, तींतहि कापाकापी आहे, असें बाहेर पडलें. एप्रिल २०२३ मध्यें कंपनीचा कारभार प्रशासकांच्या हातीं गेला, आणि जुलै २०२४ मध्यें टायडल या संगीतसेवेनें ती पद्धति टाकून साधी, फुकट, सर्वांस खुली असलेली फ्लॅक पत्करली. ज्यांनीं त्या चिन्हासाठीं चार पैसे जास्त मोजले त्यांच्या पेटीवर तें चिन्ह अद्यापि चमकत आहे.

दुसरी भुरळ मोठ्या आंकड्यांची. २४ बिटें आणि १,९२,००० नमुने असें कागदावर वाचलें कीं गृहस्थाचा हात आपोआप खिशाकडे जातो. वास्तविक ४४,१०० नमुन्यांत सेकंदास २२,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि पुरता मावतो, आणि तरण्या कानाची धांवहि वीस हजारांच्या आसपास संपते. पन्नाशींतल्या गृहस्थाची तर त्याच्या कितीतरी आधीं. २००७ सालीं अमेरिकेंत मेयर व मोरन या दोघांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उच्च आंकड्यांचें मुद्रण मध्येंच कॉम्पॅक्ट डिस्कच्या मापांत उतरवून ऐकविलें; कोणतें कोणतें हें श्रोत्यांनीं ओळखावयाचें. ५५४ वेळां विचारलें, २७६ वेळां उत्तर बरोबर आलें. नाणें उडविलें तरी तेवढेंच येतें. २०१६ सालीं लंडनच्या जोशुआ रीस यांनीं अशा पुष्कळ प्रयोगांची एकत्र छाननी केली तेव्हां बरोबर उत्तरांचें प्रमाण ५२ टक्क्यांच्या किंचित् वर निघालें. म्हणजे फरक अगदींच नाहीं असें नव्हे. पण त्यासाठीं पगार खर्चावा इतका तो खास नाहीं.

आतां या मोठ्या आंकड्यांचा पोशाख जुन्या मराठी तबकडीवर चढवून पहा. १९२५ पूर्वींचीं मुद्रणें विजेविना होत. गवयानें भोंग्यापुढें तोंड करून गावें, भोंग्यानें तो ध्वनि सुईस पोंचवावा, सुईनें मेणांत खोदावा. या भोंग्याला पांच हजार कंपनांच्या वरचें फारसें कांहीं पकडतां येत नसे. तबकडी जतन करणाऱ्यानें ती मोठ्या आंकड्यांत उतरवून घ्यावी हें समजण्यासारखें आहे. खरखर निराळी काढतांना त्याला त्याचा उपयोग होतो. पण तोच आंकडा श्रोत्याला ‘अधिक गाणें’ म्हणून विकणें ही निराळी गोष्ट आहे.

खरें नुकसान कोठें झालें आहे तें पेटीच्या आंत पाहून कळणार नाहीं. १९०२ सालीं गैसबर्ग कलकत्त्यास उतरला तेव्हांपासून आपल्या देशांत ध्वनिमुद्रण सुरू झालें, आणि तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकडींत राग कोंबावा लागला. भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले. त्यांच्या गाण्याची एकहि तबकडी मागें नाहीं. तो आवाज कोणत्याहि पद्धतीनें परत यावयाचा नाहीं, म्हणून त्याचें दुःख करून सोडून द्यावें. परंतु जें आहे त्याचें आपण काय करतों?

त्या काळच्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जात असल्या तरी पुष्कळ जुन्या तबकड्या प्रत्यक्षांत कमी-अधिक वेगानें मुद्रित झालेल्या आहेत. ७४ फेऱ्यांनीं कापलेली तबकडी कोणीं बेफिकीरपणें ७८ वर लावून संगणकांत उतरविली, तर गाणें सुमारें साडेपांच टक्के धांवूं लागतें आणि जवळजवळ अर्ध्या स्वरानें चढतें. काळी एकमध्यें बसलेला गवई पांढरी दोनमध्यें जातो. त्याची मींड उतावळी होते, तान चिरकते, भारदस्त आवाज पोरकट होतो. मग हें चुकीचें गाणें पूर्णपणें अक्षत स्वरूपांत, एकहि बिट न गमावतां, हिंगोलीच्या बैठकींत येऊन पोंचतें! घरांतील मुलें तेंच खरें समजून ऐकतात, आणि उद्यां एखादी मुलगी त्याच पट्टींत गळा ताणूं लागते.

सफाईचें नुकसान याहून सूक्ष्म आहे. तबकडीची खरखर लोकांस आवडत नाहीं म्हणून ती यंत्रानें पुसतात. पण खरखर आणि तंबोऱ्याची आंस एकाच शेजारांत राहतात. सारंगीचें घर्षण, सकाराचा उच्चार, पद संपल्यावर नाटकगृहाचा तो किंचित् घुमारा, हीं सगळीं त्या केरसुणीबरोबर जातात. मागें उरतो एक गुळगुळीत, निर्जंतुक आवाज, जणूं गवई कापसाच्या गासडींत बसून गात आहे. आणि सर्वांत उघड लबाडी म्हणजे एकदां एम्पीथ्रीनें कापलेलें गाणें पुन्हां फ्लॅकच्या वेष्टनांत भरून कोठारांत चढविणें. पेटी बिचारी तिळमात्र तक्रार करीत नाहीं. वेष्टन पाहून चिन्ह दाखविते. ध्वनीचा आलेख काढला तर १६,००० कंपनांच्या सुमारास सुरीनें कापल्यासारखी कड दिसते, तीवरून जाणकार ही चोरी ओळखतात. पण वर्गणीदारानें घरीं बसून आलेख काढावेत कीं गाणें ऐकावें?

गीतरामायणाचेंच उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५५ पासून पुढें वर्षभराहून थोडा अधिक काळ पुणें आकाशवाणीवरून तीं ५६ गीतें झालीं, आणि त्यांत निरनिराळ्या पात्रांस निरनिराळे गायक-गायिका होत्या. पुढें तबकड्या निघाल्या त्या एकट्या सुधीर फडके यांच्या आवाजांत. आज बहुतेक घरांत गीतरामायण म्हणून वाजतें तें हें. बाबूजींच्या गायनाविषयीं आम्हांस आदरच आहे. पण तें मूळ प्रसारण ही एक स्वतंत्र कृति होती, आणि ती अक्षत ऐकावयाची म्हटली तर पेटी कितीहि भारी असून चालत नाहीं. आधीं कोणीं तरी ती कोठारांत नीट नेऊन ठेवावी लागते. जुन्या रेडिओच्या काळांत फीत महाग म्हणून ती पुसून पुन्हां वापरण्याची चाल होती. त्या पुसण्याला ‘लॉस’ हा शब्द कोणींच लावला नाहीं.

आतां नांवांकडे वळूं. कयाधूच्या कांठचें नरसी हें गांव आमच्या हिंगोली तालुक्यांतलें. संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून त्याची ख्याति. या नामदेवांचीं ६१ पदें शिखांच्या आदिग्रंथांत आहेत. गुरु अर्जुनदेवांनीं १६०४ सालीं तो ग्रंथ सिद्ध केला. नामदेवांस जाऊन तेव्हां अडीचशें वर्षें झालीं होतीं, प्रांत परका, भाषा निराळी. तरीहि तीं पदें रागांच्या मथळ्यांखालीं, कर्त्याच्या नांवानिशीं लिहिलेलीं आहेत. पद कोणाचें आणि तें कोणत्या रागांत गावयाचें हें चारशें वर्षांनंतर आजहि वाचतां येतें. याच्या शेजारीं आमच्या स्नेह्यांच्या त्या पेटीचा कांचेचा पडदा ठेवा. ‘तीर्थ विठ्ठल’ वाजत आहे. पडद्यावर भीमसेन जोशी यांचें नांव व छायाचित्र येतें, तें योग्यच आहे. पण शब्द नामदेवांचे, चाल राम फाटक यांची. हीं दोन नांवें दिसतील तर शपथ! कधीं कधीं तर गायकाच्या जागींहि ‘विविध कलाकार’ आणि सन म्हणून ज्या वर्षीं फाईल चढविली तें वर्ष. बालगंधर्वांचें पद एकविसाव्या शतकांतलें म्हणून छापलेलें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. नामदेवांच्याच तालुक्यांत नामदेवांचें नांव गळालेला अभंग ‘कांहीं न गमावतां’ येऊन पोंचावा, यापरती थट्टा कोणती?

कोणी म्हणेल, यांत यंत्राचा काय दोष? त्याला जें दिलें तें तें दाखवितें. हें खरें आहे, आणि तरीहि पुरेसें नाहीं. २०१७ सालीं सारेगामा कंपनीनें पांच हजार हिंदी गाणीं भरलेली ‘कारवां’ नांवाची पेटी काढली; तिचा मराठी अवतारहि घरोघर आजी-आजोबांच्या उशाशीं दिसतो. ती अक्षत-बिक्षत कांहीं नाहीं, आणि हाय-फायवाले तिला हंसतात. पण त्या पेटीवरील कळ फिरवून गायकाप्रमाणें कवीचें आणि संगीतकाराचेंहि नांव निवडतां येतें. दुसरीकडे जात्यावरील ओव्यांचें काम पहा. हेमा राईरकर आणि गी पॉयटवॅं यांनीं खेडोपाडीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पुढें बर्नार्ड बेल यांच्या साहाय्यानें त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित झाल्या, आणि ‘पारी’ या संग्रहानें त्या सर्वांस खुल्या केल्या आहेत. तेथें ओवी गाणाऱ्या बाईचें नांव आहे आणि तिचें गांव आहे. दळण दळणाऱ्या निरक्षर बाईचें नांव टिकतें, आणि कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कोठारांत कवीचें टिकत नाहीं, याला तंत्राची अडचण म्हणावें काय? शिवाय २०१२ च्या कायदेदुरुस्तीनें गीतकार व संगीतकार यांस स्वामित्वधनाचा न सोडतां येणारा हक्क मिळाला आहे. नांव गाळणें ही आतां निव्वळ अरसिकता राहिलेली नाहीं.

‘सपोर्ट’ या शब्दाचाहि भरंवसा धरण्यासारखा नाहीं. स्क्वीझबॉक्स नांवाची नेटवर्क पेटी एके काळीं फार गाजली. २००६ सालीं ती बनविणारी कंपनी लॉजिटेकनें विकत घेतली, २०१२ सालीं पेटी बंद केली, आणि २०२४ सालीं ती ज्या दूरच्या सेवेवर विसंबून होती तीहि बंद केली. ज्यांचें गाणें केवळ त्या सेवेंतून येत होतें त्यांची पंचाईत झाली. ज्यांनीं आपला संग्रह घरच्या संगणकावर फ्लॅकमध्यें ठेवला होता त्यांच्या पेट्या मात्र स्वयंसेवकांनीं जिवंत ठेवलेल्या आज्ञावलीवर अजून गात आहेत. वर्गणीचें गाणें भाड्याचें असतें. मालकाची मर्जी फिरली कीं बिऱ्हाड उठतें. म्हणून ज्यांनीं नेटवर्क प्लेअर घेतलाच असेल त्यांनीं तो घरच्या फाईली वाजवितो कीं नाहीं हें आधीं पाहावें. २४ बिटांची चौकशी मागाहून केली तरी चालेल.

आणि घरच्या फाईली यावयाच्या कोठून? मराठवाड्यांतील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून तबकड्या आहेत. दसऱ्याच्या साफसफाईंत त्या भंगारवाल्याच्या काट्यावर चढतात. आपल्या कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनीं संपतो. १९६० पूर्वीं प्रसिद्ध झालेलीं मुद्रणें त्या दृष्टीनें मोकळीं आहेत. कवि व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षें चालतो, म्हणून किर्लोस्कर-देवलांच्या पदांस जी मोकळीक आहे ती गदिमांच्या गीतांस अद्याप नाहीं, एवढा विवेक ठेवावा. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या मंडळीनें तबकड्यांचे क्रमांक, सन, गायक यांच्या नोंदी वर्षानुवर्षें छापल्या आहेत. जिल्ह्याच्या ग्रंथालयांस एक बरी फिरती तबकडी, योग्य जाडीच्या सुया आणि वेग मोजण्याची पट्टी इतकें साहित्य परवडणार नाहीं असें आम्हांस वाटत नाहीं. शाळेच्या वार्षिक संमेलनाच्या मांडवाला याहून अधिक खर्च येतो.

कंपन्यांकडे मागणें निराळें आहे. जुनें गाणें लॉसलेस म्हणून विकणाऱ्यानें त्याच्यासोबत सांगावें कीं मूळ तबकडी वा फीत कोणती, तिचा क्रमांक काय, ती केव्हां व किती फेऱ्यांनीं उतरविली, सफाई केली असल्यास न केलेली प्रत कोठें आहे, आणि शब्द कोणाचे व चाल कोणाची. वर्गणीदारांनीं हे प्रश्न पत्रानें विचारावेत, दुकानांत विचारावेत, पेटीचें परीक्षण लिहिणाऱ्यांस विचारावेत. लॉसलेस आहे का, एवढेंच विचारून परत फिरूं नये. जागा नाहीं ही सबब कोणीं सांगूं लागला तर ती ऐकून घेऊं नये. फ्लॅकच्या प्रत्येक फाईलींत गाण्याच्या अगोदर अशा मजकुरासाठीं एक रकाना असतो. त्यांत मराठींत, देवनागरींत, हवें तितकें लिहितां येतें, आणि ही सोय त्या पद्धतींत पूर्वींपासून आहे. आमच्या स्नेह्यांच्या पेटींतील अभंगांचे रकाने आम्हीं उघडून पाहिले. बहुतेक कोरे होते; एकांत संगीतकाराच्या जागीं फाईल चढविणाऱ्या दुकानाचा दूरध्वनि क्रमांक होता.